फिन्सबरी हेल्थ सेंटर, लंडन: साडेचार स्टार

लंडनला गेलं की सगळे म्युझियमला पळतात, पण पब्लिक हेल्थची नाहीतर आर्किटेक्चरची थोडी जरी आवड असेल ना तर फॅरिंग्डन स्टेशनला उतरून पाइन स्ट्रीटला चक्कर मारा. चालू दवाखाना आहे, त्यामुळे पेशंट लोकांचे फोटो काढत फिरू नका प्लीज.

1938 मध्ये उघडला, म्हणजे एनएचएस (ब्रिटनची सगळ्यांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा) यायच्या 10 वर्षं आधी. तेव्हा कामगाराला इन्शुरन्सवर पॅनेल डॉक्टर, म्हणजे सरकारी विमा योजनेच्या यादीतला डॉक्टर, मिळायचा पण बायकोपोरांना नाही, त्यांनी खिशातून भरायचे नाहीतर दुखणं अंगावर काढायचं, आणि फिन्सबरी म्हणजे दाटीवाटीची गरीब वस्ती, टीबी, मुडदूस, ढेकूण सगळं आलंच. मग बरो कौन्सिलने, म्हणजे त्या भागाच्या नगरपालिकेने, विखुरलेले दवाखाने एका छताखाली आणले, टीबी क्लिनिक, दात, पाय, पोरांना ऊन द्यायला सोलॅरियम. मला सगळ्यात भारी वाटली ती डिसइन्फेक्शनची सोय, घरातल्या गाद्या-कपडे इथे आणून निर्जंतुक करायचे आणि घराला धुरी देईपर्यंत त्या कुटुंबाने राहायचं कुठे, तर इथल्याच फ्लॅटमध्ये! एवढा विचार आजसुद्धा कोण करतं?

यामागे पंजाबचे डॉ. चुनीलाल कटियाल, बरोच्या पब्लिक हेल्थ कमिटीचे चेअरमन, 1938 मध्येच मेयरपण झाले. आर्किटेक्ट लुबेटकिन, त्याचं म्हणणं साधं होतं, सामान्य माणसासाठी कितीही चांगलं केलं तरी ते जास्त नाही. समोर काचेच्या विटांची भिंत, दोन्ही बाजूंना पसरलेले विंग, आत पार्टिशन हलवता येतील अशी आणि पाइप-वायरी बाहेरच्या पॅनेलमागे, म्हणजे रिपेरिंगला भिंत फोडायला नको. आपल्याकडच्या कॉन्ट्रॅक्टर लोकांना दाखवायला पाहिजे हे. दुसऱ्या महायुद्धात पोस्टर आर्टिस्ट एब्रम गेम्सने याच बिल्डिंगचं पोस्टर केलं, शेजारी पडक्या घरात आजारी पोरगं, ते चर्चिलला अजिबात आवडलं नव्हतं.

अ‍ॅडमिट करायची सोय मात्र इथे नव्हती. सरकारी हॉस्पिटलं आणि अँब्युलन्स अख्ख्या लंडनच्या काउंटी कौन्सिलकडे आणि हा दवाखाना बरोकडे, म्हणजे पेशंट एक पण कारभार दोन ठिकाणी.

अर्धा स्टार कापला तो देखभालीसाठी. ग्रेड वन लिस्टेड, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची संरक्षित वारसा बिल्डिंग आहे तरी मध्ये विकायचं घाटत होतं, स्थानिक लोकांनी बोंब मारली म्हणून वाचली.