लाईट गेल्यावर राऊटर कशावर चालवावा? इन्व्हर्टर, तयार मिनी यूपीएस की घरी जोडलेला पॅक

जळगाव-भुसावळकडे घरून काम करणाऱ्या माणसाला मे महिन्यात दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: कूलर आणि इंटरनेट. लाईट गेली की दोन्ही एकदम बंद पडतात. त्यांतील राऊटर मात्र इतकी थोडी वीज घेतो, की त्याची सोय स्वतंत्र करावी की घरातील इन्व्हर्टरवरच भागवावे, असा प्रश्न पडतो. माझ्या घरी राऊटर आणि फायबरचा डबा मिळून साधारण ८ वॅट घेतात. पुढचे सगळे हिशोब याच आकड्यावर केले आहेत.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. घरापर्यंत बारीक फायबरची तार येत असेल आणि ती थेट ऑपरेटरच्या केंद्रातून येत असेल, तर वाटेतील स्प्लिटरला (एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा डबा) वीज लागतच नाही. केंद्रावर बॅकअप असला आणि घरातला डबा चालू राहिला, की नेट चालू राहते. याउलट पुष्कळ गल्ल्यांमध्ये ऑपरेटर फायबर एखाद्या इमारतीच्या गच्चीवरील स्विचपर्यंत (नेट अनेक घरांत वाटणारा, विजेवर चालणारा डबा) आणतो आणि तिथून पुढे घरोघरी तांब्याची लॅन केबल सोडतो. तो स्विच त्याच गल्लीतील विजेवर चालत असेल, तर तुमच्या घरी कितीही मोठी बॅटरी असली तरी उपयोग शून्य. त्याच ऑपरेटरचे नेट आणि घरी इन्व्हर्टर असलेला शेजारी असेल, तर लाईट गेल्यावर त्याचे नेट चालते का, एवढे विचारले तरी उत्तर मिळते.

इन्व्हर्टर आधीपासून असेल, तर पहिला विचार त्याचाच करावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, त्यामुळे राऊटरचे ८ वॅट तिला जाणवतसुद्धा नाहीत. अडचण दुसरीच आहे. भर दुपारी लाईट गेली की घरातले कोणीतरी त्याच लाईनवर कूलर लावते, दीड-दोनशे वॅट सुरू होतात, आणि संध्याकाळच्या मीटिंगपर्यंत इन्व्हर्टर शिट्टी मारू लागतो. शिवाय लाईन जाऊन बॅटरी सुरू होते त्या अदलाबदलीच्या क्षणात काही राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतात आणि दोन-तीन मिनिटे जातात. इन्व्हर्टरच्या मागील बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवल्यास हे बहुधा टळते. मात्र या मोडमध्ये व्होल्टेज १८०च्या आसपास उतरले तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, म्हणून जिथे उन्हाळी संध्याकाळी व्होल्टेज कमी असते तिथे बॅटरी विनाकारण झिजते. केवळ राऊटरसाठी नवा इन्व्हर्टर घेणे मला तरी पटत नाही.

तयार मिनी यूपीएस हा पुस्तकाएवढा डबा राऊटर आणि त्याच्या अडॅप्टरच्या मध्ये बसतो, त्यामुळे अदलाबदल राऊटरला कळतही नाही. खरेदी करताना डब्यावरच्या आकड्याला भुलू नये. ‘१०,००० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास) हा आकडा बहुधा आतील सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. म्हणजे ३७ वॅट-तास, आणि राऊटरला लागणाऱ्या १२ व्होल्टवर तो जेमतेम ३,००० एमएएच ठरतो. रूपांतरातील घट धरून ८ वॅटला सुमारे चार तास मिळतात. दुसरी बारकाईची गोष्ट अडॅप्टरची. राऊटरसोबत आलेला १ अँपिअरचा अडॅप्टर लाईट आल्यावर राऊटरही चालवतो आणि रिकामी बॅटरीही भरतो, तेव्हा तो तापतो. २ अँपिअरचा घ्यावा. राऊटर १२ व्होल्टचा आहे की ९ व्होल्टचा, आणि पिन २.१ मिलिमीटरची आहे की २.५ची, हेही पाहूनच निघावे, नाहीतर बाजारात दुसरी फेरी ठरलेली.

हाताला चाळा असणाऱ्यांचे मन तिसऱ्या पर्यायाकडे, म्हणजे घरी जोडलेल्या बॅटरी पॅककडे धावते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल फुकट पडतात, पण कमी-जास्त झिजलेले सेल एका माळेत जोडणे हा मला नसता धोका वाटतो. पॅक करायचाच असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार नवे सेल, त्यांना साजेशी बीएमएस (सेलना जास्त चार्ज किंवा पूर्ण रिकामे होऊ न देणारी पट्टी) आणि याच रसायनासाठीचा १४.६ व्होल्टचा चार्जर घ्यावा. ६ अँपिअर-तासांच्या चार सेलमध्ये सुमारे ७७ वॅट-तास साठतात, म्हणजे घट धरून आठ तास. हे रसायन नेहमीच्या लिथियम-आयनपेक्षा उष्णता अधिक सोसते आणि कितीतरी अधिक वेळा चार्ज होते. मात्र चार्ज होताना पॅकचे व्होल्टेज १४च्या वर जाते, म्हणून राऊटरला पॅक थेट न जोडता मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा बक-बूस्ट मॉड्यूल बसवावा. सेलवर थेट सोल्डरिंग करू नये, पट्ट्या वेल्ड करून आलेलेच घ्यावेत. या सगळ्याची जमवाजमव करताना दोन रविवार जातात, हे खर्चात धरलेले बरे.

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळाच घेतो. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावेत असे उत्पादक सांगतात, आणि मे महिन्यात भुसावळची हवाच कित्येकदा त्यापुढे जाते. माझा पहिला मिनी यूपीएस मी वायर दिसू नये म्हणून माळ्यावर, स्लॅबला खेटून ठेवला होता. संध्याकाळी हात लावला तर तो इस्त्रीसारखा तापलेला असे. दुसऱ्या उन्हाळ्यात चार तासांचा बॅकअप पाऊण तासावर आला. त्यात दोष डब्याचा कमी आणि जागेचा अधिक होता. दुसरा डबा आतल्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवला आहे आणि तो अजून टिकून आहे. कूलरच्या झोतातही तो ठेवू नये, कारण तिथली ओल जोडण्यांना धरते.

म्हणून तास-दोन तासांच्या कपातीसाठी आणि ज्याला खटपट नको त्याच्यासाठी मी मिनी यूपीएसच सुचवेन. रावेर-यावलकडे मात्र मृगाच्या आधीच्या वादळात केळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे होतात आणि लाईट रात्र-रात्र येत नाही. तिथे चार तासांचा डबा पुरत नाही. इन्व्हर्टर असेल तर तो फक्त राऊटर आणि एका दिव्यासाठी राखून ठेवावा, नसेल तर आठ तासांच्या पॅकची खटपट तिथेच सार्थकी लागते.