टी-पीस की प्रेशर सपोर्ट? नळी काढण्याआधीचा अर्धा तास

व्हेंटिलेटरवरचा पेशंट शुद्धीवर आहे, ऑक्सिजन ४० टक्क्यांवर भागतोय, पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) ५ वर आलंय, बीपीची औषधं जवळजवळ बंद झालीत. आता श्वासनळीतली नळी काढण्याआधी स्वतःच्या श्वासाची ट्रायल द्यायची, इथपर्यंत कुणाचं दुमत नसतं. वाद निघतो तो ती टी-पीसवर (व्हेंटिलेटर सोडवून नळीला फक्त ऑक्सिजनचा टी-आकाराचा तुकडा जोडून) द्यायची की व्हेंटिलेटर न काढता कमी प्रेशर सपोर्टवर (प्रत्येक श्वासाला मशीनच्या दाबाची थोडी मदत देऊन), यावरून. मी सुरुवातीची काही वर्षं फक्त टी-पीस वापरला.

टी-पीसवाल्यांचा मुद्दा पक्का आहे. ७-८ चा सपोर्ट नळीच्या अडथळ्यापुरताच असतो असं आपण म्हणतो, पण तो त्याहून जास्त मदत करतो. नळी निघाल्यावर पेशंटला जे कष्ट पडणार असतात, ते टी-पीसवरच्या कष्टांच्या जास्त जवळचे. हृदय कमकुवत असेल तर हे फारच महत्त्वाचं. दाब काढला की छातीकडे येणारं रक्त वाढतं, डाव्या हृदयावर ताण येतो आणि काही वेळातच फुफ्फुसात पाणी साचू लागतं. सपोर्ट आणि पीप चालू असताना हे झाकलेलंच राहतं.

माझं मत बदललं ते एका दुपारी. टी-पीसवर अर्धा तास छान गेला, नळी काढायची असं ठरलं, आणि शेजारच्या बेडवर एकाचं बीपी एकदम पडलं. सगळे तिकडे धावलो. परत आलो तेव्हा पावणेदोन तास उलटले होते. पेशंटच्या मानेचे स्नायू दोरीसारखे ताणलेले, कपाळावर घाम, बेडची कड घट्ट धरलेली. सॅच्युरेशन मात्र ९६. एकही अलार्म वाजला नव्हता, कारण व्हेंटिलेटर स्टँडबायवर होता आणि मॉनिटरला ते कष्ट दिसतच नव्हते. त्या दिवशी नळी निघाली नाही.

चूक आमची होती, टी-पीसची नव्हे. पण आयसीयूत असा उशीर होतच राहतो, आणि टी-पीसवर त्याची किंमत पेशंटला मोजावी लागते. प्रेशर सपोर्टवर रेट (मिनिटाला किती श्वास) आणि टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) समोर दिसतात, श्वास थांबला तर मशीन बोंब मारतं, आणि थकवा दिसला की सेटिंग बदललं की झालं.

आकड्यांचं म्हणाल तर २०१९ मध्ये स्पेनमधल्या १,१५३ पेशंटांच्या अभ्यासात ८ च्या सपोर्टवर ३० मिनिटं आणि टी-पीसवर २ तास अशी तुलना झाली. नळी यशस्वीपणे निघण्याचं प्रमाण ८२.३ विरुद्ध ७४ टक्के आलं, आणि पुन्हा नळी घालावी लागण्याचं प्रमाण सपोर्टवाल्यांत वाढलं नाही. यात वेळही बदलली होती आणि पद्धतही, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हे सांगणं अवघड. २०२२ च्या फ्रेंच अभ्यासात फक्त जास्त जोखमीचे पेशंट होते. तिथे सपोर्ट आणि टी-पीस यांत व्हेंटिलेटरशिवायच्या दिवसांचा फरक पडला नाही. म्हणजे सपोर्टने फार मोठी फसगत होते, ही भीती तरी मला आता वाटत नाही.

सपोर्ट वापरताना एक सांभाळा. रेट भागिले टायडल व्हॉल्यूम (लिटरमध्ये) १०५ च्या खाली असेल तर नळी निघेल असं मानतात, पण हा १९९१ चा आकडा सपोर्टशिवायच्या श्वासावर काढलेला आहे. सपोर्टवर तो खाली येतो, म्हणून तिथल्या ८० वर विसंबू नका. शिवाय खोकल्याला जोर आहे का, सक्शन किती वेळा लागतंय, हे दोन्हींपैकी कुठलीच ट्रायल सांगत नाही. ते बेडशेजारी उभं राहूनच कळतं.

टी-पीस मी पूर्ण सोडलेला नाही. हृदय कमकुवत असेल, किंवा एकदा नळी काढून परत घालावी लागली असेल, तर अजूनही तोच लावतो, कदाचित तुम्हीही लावाल. मात्र त्या वेळी घड्याळ लावून बेडशेजारीच थांबतो. ३० मिनिटं झाली की पेशंटला परत व्हेंटिलेटरवर घेतो, तासभर विश्रांती देतो आणि मगच नळी काढतो.