सकाळी जेट, दुपारी पॉलिश: गच्चीवरच्या डेकचे 38,800 रुपये

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात गच्चीवरचे लाकडी डेक पॉलिश करणारे मिस्त्री फिरू लागतात. "पावसाआधी डेक करून घ्या भाऊ, मग पाच वर्षं पाहाचं काम नाही." बेसा भागातल्या एका गच्चीवर 20 बाय 10 फुटांचा सागवानी डेक होता, उन्हापावसात राखेसारखा करडा पडलेला. मजुरी ठरली 80 रुपये चौरस फूट, मटेरियल वेगळं. बिल आलं 38,800 चं. 200 चौरस फुटांचे 260 झाले, कारण पायऱ्या आणि कठडा दोन्ही बाजूंनी मोजला. त्यावर 15 लिटर 'इंपोर्टेड टीक ऑइल', 1,200 रुपये लिटरने.

मोजमापातली चोरी टेप लावला की सापडते. तेलाचा हिशेबही सोपा आहे. सुकलेलं जुनं लाकूड जास्त पितं, तरी पहिल्या हाताला एका लिटरमध्ये साधारण 80 चौरस फूट होतात, दुसऱ्याला त्याहून जास्त. म्हणजे एवढ्या डेकला साडेचार-पाच लिटर, कठड्यासकट फार तर सहा. पंधरा लिटर जायचे तर गच्चीच धुवावी लागेल. डबे आले तेच सील फुटलेले, लेबल नसलेले. आत होतं घरातल्या फर्निचरचं मेलामाईन पॉलिश, थिनर मारून पातळ केलेलं.

मुख्य घोटाळा मात्र वेळेचा होता. सकाळी जोराच्या पाण्याचा जेट मारला, दुपारी दोनला पहिला हात. 44-45 अंशांत फळी तासाभरात वरून खडखडीत दिसते, पण आत मुरलेलं पाणी तसंच असतं. त्यावर मेलामाईनचा पापुद्रा बसला की ओल वर ढकलते आणि फोड येतात. शिवाय तापलेल्या फळीवर थिनर क्षणात उडून जातो, फिनिश लाकडात उतरतच नाही. जुलैत स्क्रूच्या डोक्यांभोवतीपासून साल निघायला लागली, उन्हात सोललेल्या कातडीसारखी, आणि खाली लाकूड काळं.

करडेपणा म्हणजे मळ नव्हे. उन्हाने लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन मोडतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर सुटे तंतू उरतात. नखाने खरवडलं तर लव निघते. त्या तंतूंवर काहीही लावा, तंतूंसकट निघणार. म्हणून आधी धुण्याचा सोडा आणि नायलॉनचा ब्रश, तोही रेषेच्या दिशेने. जेट वापरायचाच तर पंख्यासारखं नोझल, फळीपासून फूटभर लांब. जवळून मारला की मऊ रेषा खोदल्या जातात. मग लिटरभर कोमट पाण्यात 100 ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, प्लास्टिकच्या बादलीत. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण हे विष आहे. पंधरा-वीस मिनिटांत लोखंडाचे काळे डाग उतरतात, सागाचा रंग परत येतो. भरपूर पाण्याने धुवायचं आणि मग किमान दोन दिवस हात लावायचा नाही. लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर 15 टक्क्यांच्या खाली आला की 60 आणि मग 80 नंबरचा पॉलिश पेपर. त्याहून बारीक घासलं तर छिद्रं बुजतात, तेल मुरत नाही. बाहेरच्या लाकडाचं, यूव्ही रोखणारं तेल सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर लावायचं, पातळ दोन हात, आणि वीसेक मिनिटांनी वरचं उरलेलं पुसून काढायचं. ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेलाची फडकी आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून मगच फेका.

याच डेकवर आणखी दोन करामती होत्या. फळ्यांमधल्या 5-6 मिलिमीटरच्या फटी भुसा आणि गोंद भरून 'फिनिशिंग'च्या नावाखाली बुजवल्या. त्या फटी पाणी निघायला असतात. बुजवल्या की पाणी साचतं आणि फळी कडेने सडते. निखळलेल्या जागी जिप्सम बोर्डाला लावतात ते काळे स्क्रू ठोकले. ते गंजतात, आणि सागातलं टॅनिन लोखंडाला लागलं की शाईसारखा डाग पडतो. इथे 304 ग्रेडचा स्टेनलेस स्क्रू हवा. तो चुंबकाला फारसा धरत नाही; खिशात छोटं चुंबक ठेवा. फळी बदलायची असेल तर लकडगंजच्या लाकूडबाजारात स्वतः जाऊन निवडा. रंग चढवलेलं हलकं लाकूड सागाच्या भावात गळ्यात मारणं अवघड नसतं. खालच्या आडव्या दांड्यांत स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा. तो सहज आत गेला तर आधी दांडी बदला, वरच्या पॉलिशचं नंतर पाहू.

मेलामाईन एकदा सुटायला लागलं की त्यावर तेल चालत नाही. पूर्ण खरवडून पहिल्यापासून काम करावं लागतं, म्हणजे खर्च दुप्पट. शेवटचे 30 टक्के दोन जोरदार पाऊस होईपर्यंत देऊ नका आणि हे आधीच कागदावर घ्या. पैसे गेलेच असतील तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तिथे बिल मागतात. या कामाचं बिल साध्या चिठ्ठीवर होतं, सही नसलेलं, आणि डबे त्याच दिवशी मिस्त्रीच घेऊन गेला होता.