लिनक्ससाठी यूएसबी वाय-फाय अडॅप्टर: कर्नेलमधला ड्रायव्हर की बाहेरून बसवलेला?

वेग, अँटेना वगैरे नंतर बघा. आतल्या चिपचा ड्रायव्हर (तिला चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नेलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबर, येतो की आपल्याला बाहेरून आणून बसवावा लागतो, हे आधी बघा. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत.

बाहेरचा ड्रायव्हर वाटतो तितका वाईट नसतो. सोर्स उतरवायचा, डीकेएमएसच्या (बाहेरचे ड्रायव्हर बांधून देणाऱ्या साधनाच्या) हवाली करायचा, झालं; कर्नेल बदललं की मॉड्यूल (ड्रायव्हरचा बांधलेला तुकडा) आपोआप पुन्हा बांधलं जातं. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर डिजिटल सही करून त्या सहीची चावी एकदा रीबूटच्या वेळी नोंदवावी लागते, तेवढाच काय तो जास्तीचा व्याप. वेगाबद्दल तर माझी काहीच तक्रार नव्हती.

तक्रार होती ती अपडेटनंतरच्या रीबूटची. कोपऱ्यातलं वाय-फायचं चिन्ह गायब. नेटवर्कची यादी दाखवणारी ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली तर ‘एलओ’ (मशीनचा स्वतःशीच असलेला आभासी दुवा) आणि केबल नसलेला इथरनेट पोर्ट, बस्स. ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये मॉड्यूल जुन्या कर्नेलसमोर ऐटीत ‘इन्स्टॉल्ड’, नव्याचा उल्लेखही नाही. कधी नव्या कर्नेलचे हेडर्सच (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल्स) आलेले नसतात. कधी कर्नेलमधलं एखादं फंक्शन बदललेलं असतं आणि बांधणी अर्ध्यात एरर देऊन थांबते. दोन्हीवरचा इलाज इंटरनेटवर, आणि इंटरनेट या अडॅप्टरवर! ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या मेनूमधून) जुनं कर्नेल सुरू करता येतं, किंवा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करता, म्हणजे फोनचं इंटरनेट वापरता येतं (त्याचा ड्रायव्हर सहसा कर्नेलमध्येच असतो). म्हणजे मार्ग निघतो. पण घाईचं काम समोर असताना हे करत बसायचं, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा धाकधूक, याला मी कंटाळलो.

आता माझ्याकडे मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप असलेला अडॅप्टर आहे. तिचा ड्रायव्हर कर्नेल ४.१९ पासून आतच आहे. लावला, नेटवर्कची यादी आली, पासवर्ड टाकला. त्यावर लिहिण्यासारखं आणखी काही घडलेलं नाही, आणि मला तेच हवं होतं.

अर्थात ‘कर्नेलमध्ये आहे’ म्हटलं तरी कुठल्या आवृत्तीपासून, हे विचारावंच लागतं. वाय-फाय ६ ची एमटी७९२१एयू घ्यायची तर किमान ५.१८ लागतं, जुनी स्थिर डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) असेल तर ती चिप तिथे मुकीच राहील. फर्मवेअरचं (चिपमध्ये चढवायच्या सॉफ्टवेअरचं) पॅकेजही हवं, नाहीतर ड्रायव्हर असूनही ‘डीमेसेज’ या कर्नेलच्या नोंदींमध्ये फर्मवेअर फाइल सापडत नसल्याची ओळ दिसते. रिअलटेकच्या चिप्स सरसकट बाजूला टाकू नका. आरटीएल८८२२बीयूसारख्या काहींना ६.२ पासून कर्नेलमध्येच जागा मिळाली आहे.

कर्नेल क्वचितच बदलणारं मशीन असेल, किंवा चांगला अडॅप्टर आधीच हाताशी असेल, तर बाहेरच्या ड्रायव्हरवरही निभेल, मी अडवणार नाही. पण नवीन घेणार असाल आणि अपडेट नियमित करत असाल, तर मी कर्नेलमधल्याच बाजूला झुकेन.

घेताना खोक्यावरच्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. त्याच नावाच्या व्ही१ आणि व्ही२ मध्ये चिप वेगळी निघू शकते. अडॅप्टर लावल्यावर ‘एलएसयूएसबी’ या यूएसबी उपकरणांच्या यादीत दिसणारा आयडी शोधून चिप पक्की करा, आणि तोवर खोकं-पावती टाकू नका. आयडीऐवजी सीडी ड्राइव्ह दिसली तर घाबरू नका. काही अडॅप्टर आधी विंडोजच्या ड्रायव्हरची डिस्क म्हणून उभे राहतात, ‘यूएसबी मोडस्विच’ हे साधन त्यांना वाय-फायवर आणतं.