निघायच्या आदल्या रात्री हातात पडलेल्या बॅटऱ्या

ड्रोन घेऊन आठ-पंधरा दिवस वीज नसलेल्या ठिकाणी जाणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय. माझे ७७,००० रुपये गेले आणि ड्रोन पडला. पण ज्या गावासाठी गेलो होतो त्याचं काम अर्धवट राहिलं, ते जास्त लागलंय.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, धडगावच्याही पुढे, नर्मदेकडे उतरणाऱ्या डोंगरांत हे गाव आहे. सोंडांवर विखुरलेले सात पाडे. माझा मित्र तिथे काही वर्षं झऱ्यांवर काम करतोय. झरे, ओढे आणि बांध दिसतील असा वरून काढलेला नकाशा गावाला हवा होता, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर कुठला ओढा अडवायचा ते बसून ठरवता आलं असतं. मी पुण्यात नोकरी करतो, ड्रोन हा छंद. मोबदल्याचा प्रश्नच नव्हता. गेल्या फेब्रुवारीत बारा दिवस जायचं ठरलं. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तो भाग हिरव्या, म्हणजे मोकळीक असलेल्या क्षेत्रात आहे हे पाहिलं, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवलं. गाडी जिथे थांबते तिथून वरच्या पाड्यांपर्यंत दीड तासाची चढण. वर वीज नाही, रेंज नाही, घरात असला तर एखादा सौर दिवा.

माझ्याकडे डीजेआयचा माविक २ प्रो आहे, परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी येण्याआधी घेतलेला आणि रीतसर नोंदवलेला. यंत्र जुनं, पण नकाशाच्या कामाला अजून खणखणीत. त्याच्या बॅटऱ्या मात्र आता सहज मिळत नाहीत. एक बॅटरी ५९ वॅट-अवरची (वॅट-अवर म्हणजे साठवलेल्या विजेचं माप). कंपनी ३१ मिनिटं सांगते, परतीची राखीव धरून २० मिनिटं काम होतं. रोज पाच उड्डाणं करायची होती. इन्व्हर्टर आणि चार्जरमध्ये जे वाया जातं ते धरून एक बॅटरी भरायला साधारण ७० वॅट-अवर लागतात, म्हणजे पाचांना ३५०. चांगल्या उन्हात १०० वॅटचं पॅनल दिवसभरात जवळपास तेवढं देतं, आणि मध्ये साठवायला ५०० वॅट-अवरच्या वरचं पॉवर स्टेशन, म्हणजे आत मोठी बॅटरी असलेला डब्बा, हवा. हा हिशेब मी तीन वेळा केला होता. तो आजही बरोबर आहे. खोट वस्तूंत होती.

विक्रेता पुण्यातलाच, ओळखीतून मिळालेला. तीन बॅटऱ्या प्रत्येकी १३,५०० रुपयांना, पॉवर स्टेशन २८,००० आणि पॅनल ८,५००. बिल मागितलं तर म्हणाला, "दादा, इम्पोर्ट बंद आहे, बिल फाडता येत नाही. वॉरंटी माझ्या शब्दावर." मला ते पटलं, कारण बंदीबद्दल ऐकून होतो. नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं की ९ फेब्रुवारी २०२२ ची बंदी परदेशी ड्रोनवर आहे, मग तो तयार आणा नाहीतर जोडणीच्या संचात आणा. सुटे घटक आणायला परवानगी लागत नाही असं त्याच अधिसूचनेत स्पष्ट लिहिलंय. म्हणजे बंदीमुळे बॅटरीचं बिल देता येत नाही, हे कारणच खोटं. ड्रोनच्या बाजारात हे वाक्य आज सर्रास ऐकू येतं. ऐकलं की तिथून उठा.

त्याने आणखी तीन गोष्टी विचारल्या होत्या. कधी निघताय? किती दिवस? तिथे रेंज असते का? माणूस आपुलकीने विचारतोय असं वाटून मी सगळं सांगितलं, पैसेही आगाऊ यूपीआयने पाठवले. मग माल येईना. आज कुरिअर अडकलं, उद्या घरी लग्न. शेवटी निघायच्या आदल्या रात्री साडेनऊला तो माझ्या सोसायटीच्या गेटवर आला. पहाटे पाचची गाडी होती. तपासायला वेळ नव्हता, आणि पुढचे बारा दिवस मी फोनही करू शकणार नव्हतो. हे जुळून आलं नव्हतं, त्याने जुळवून आणलं होतं. इतकं झाल्यावरही हे कळायला मला धडगावहून परत यावं लागलं.

गेटवरच्या दिव्याखाली त्याने बॅटरीचं बटण दाबून दाखवलं. चारही हिरवे दिवे लागले. "बघा, फुल्ल." मला हायसं वाटलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. या मॉडेलची कोरी बॅटरी कारखान्यातून निघते तेव्हा निद्रावस्थेत असते. पहिल्यांदा चार्जरला लावेपर्यंत बटण दाबून दिवे लागत नाहीत. डब्याचं सील न फोडता आणलेल्या 'नव्या' बॅटरीचे चार दिवे लागले, याचा अर्थ ती आधी कोणीतरी वापरली होती. ॲपमध्ये सायकलचा, म्हणजे बॅटरी किती वेळा भरून वापरली त्याचा, आकडा २ दिसला, तो मला पुरावा वाटला. आता माहीत आहे की आतल्या सर्किटमधला हा आकडा पुसून पुन्हा लिहिता येतो.

पहिले दोन दिवस जुन्या दोन बॅटऱ्यांवर आणि नव्यांपैकी एकीवर निभावलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पॉवर स्टेशनवर चौथी बॅटरी लावली आणि डब्बा मान टाकून बसला. पॅनलमधून जेमतेम थेंबथेंब येत होतं. मित्र बॅटऱ्या पिशवीत घालून खाली उतरला, मोटारसायकलने धडगावला गेला, एका हॉटेलात चार्ज करून दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. तोपर्यंत सहा-सात जण माझ्यासोबत ओढ्याच्या काठी बसून होते. कामधंदा सोडून आले होते, आपापल्या झऱ्याची जागा दाखवायला.

पाचव्या दिवशी समोरच्या सोंडेवर उड्डाण चालू होतं. ॲपवर बॅटरी ४२ टक्के. ड्रोन परतीला वळला आणि वाऱ्याविरुद्ध जोर लागला तसा आकडा एकदम ११ वर आला. पडदा लाल झाला आणि यंत्र आपोआप खाली उतरू लागलं. मी रिमोटची काडी वर दाबून धरली होती तरी ते उतरतच होतं. शेवटचं पाहिलं तेव्हा तीन सेल ३.६ व्होल्टच्या आसपास होते आणि चौथा २.९ वर. सागाच्या फांदीला लागून ड्रोन खडकावर आदळला. कॅमेरा स्थिर धरणारं गिंबल तुटलं, दोन हात मोडले. त्याच वाटेवरून दहा मिनिटांपूर्वी शेळ्या घेऊन दोन पोरं गेली होती. ड्रोनच्या किमतीचं सोडा, ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

एका पोराने तुकडे टॉवेलात बांधून आणून दिले. बॅटरी हातात घेतली तर मधोमध फुगलेली. उजेडात फिरवून पाहिली. जोडावर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाचे दोन बारीक ओरखडे होते, आणि अनुक्रमांकाचं स्टिकर अर्धा मिलिमीटर तिरकं बसलेलं. जुन्या बॅटरीच्या शेजारी ठेवल्यावर फरक लहान मुलालाही दिसला असता. निघायच्या आदल्या रात्री शेजारी ठेवून पाहिलं नाही, एवढंच.

पुण्यात आल्यावर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे पॉवर स्टेशन उघडलं. वरच्या पट्टीवर मोठ्या आकड्यांत १,८०,००० एमएएच छापलेलं. हे आकडे ३.७ व्होल्टच्या सेलच्या मापाने मोजतात, म्हणजे ६६६ वॅट-अवर भरायला हवेत. आत २४ सेल निघाले. तीन वेगवेगळ्या रंगांच्या वेष्टणांचे, टोकांवर आधीच्या डागकामाच्या खुणा असलेले. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले ते सेल होते. चांगल्या अवस्थेत धरले तरी सव्वादोनशे वॅट-अवरच्या पुढे जाणार नाहीत. आणि तळाला, वजन भरायला, दोन लोखंडी पट्ट्या दुहेरी टेपने चिकटवलेल्या. ती पट्टी हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा खरा संताप आला. कोणीतरी बसून, मापून, कापून ती चिकटवली होती.

पॅनलला तर उघडायचीही गरज नव्हती. कडक उन्हात एक चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊन पडतं आणि चांगलं पॅनल त्यातलं वीसेक टक्के पकडतं. म्हणजे १०० वॅटला अर्धा चौरस मीटर काच हवी. माझ्या पॅनलच्या सगळ्या घड्या उलगडून टेपने मोजल्या तर भरलं त्याच्या निम्म्याहून कमी. हे गेटवर पाच मिनिटांत मोजता आलं असतं.

विक्रेत्याचा फोन बंद. पैसे गेले होते ते खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण व्यवहाराला तीन आठवडे होऊन गेले होते. पैसे खात्यातच असताना कळवलं तर ते गोठवता येतात, तिथे एकेक तास मोलाचा असतो. डोंगरात अडकल्याने माझे ते तास गेले. ग्राहक आयोगाचा मार्ग उघडा आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रार तयार केली आहे, पण बिल नसल्याने सगळी भिस्त चॅट आणि यूपीआयच्या नोंदींवर आहे. ते स्क्रीनशॉट तरी मी जपून ठेवले होते.

आता मी कसं करतो ते सांगतो. मी निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी माल घरात असला पाहिजे, नाहीतर जाणं पुढे ढकलतो. विक्रेत्याला तारीख सांगत नाही, कुठे जातोय तेही सांगत नाही. पॉवर स्टेशन पूर्ण भरून त्याला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावतो आणि घड्याळ बघतो. ५०० वॅट-अवरचं खरं यंत्र सातेक तास चालायला हवं. मला विकलेलं यंत्र उघडण्याआधी असंच लावून पाहिलं होतं, तीन तासांतच बल्ब विझला. लिथियम बॅटरीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघतो. माझ्या डब्ब्यावर तो नव्हताच. ड्रोनची प्रत्येक बॅटरी मोकळ्या मैदानात दोन मीटर उंचीवर तरंगत ठेवून २० टक्क्यांपर्यंत उतरवतो आणि चारही सेलचे व्होल्ट पाहत राहतो. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टने मागे पडायला लागला तर ती बॅटरी डोंगरात नेत नाही. हे एकदा करून भागत नाही, तीन-चार वेळा केल्यावर खोट वर येते. मेमरी कार्डंही पूर्ण भरून, पुन्हा वाचून बघतो. विंडोजवर त्यासाठी एचटू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट साधन आहे. १२८ जीबी म्हणून विकलेल्या बनावट कार्डात प्रत्यक्षात जागा कमी असते, आणि ती संपली की पुढचे फोटो नुसतेच वाया जातात.

नकाशा सातपैकी चार पाड्यांचा झाला. उरलेल्या तीन पाड्यांतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी शेवटच्या दोन दिवसांत मला त्यांचे झरे पायी फिरून दाखवले. प्रत्येक ठिकाणी ते खाली बसायचे, ओंजळ भरून पाणी प्यायचे आणि मी फोनमध्ये अक्षांश-रेखांश टिपून घेतोय ना हे पाहायचे. असे नऊ झरे टिपले. ड्रोन दुरुस्तीला दिलाय. पावसाळा संपला की मी पुन्हा जाणार आहे, ते तीन पाडे बाकी आहेत.