घरच्या वर्कशॉपसाठी सात-चौदाचा मिनी लेथ : घ्या, पण दुकानात डायल गेज घेऊन जा

ज्यांना सगळं वाचायला टाइम नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. लेथ म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवत ठेवून टूलने कापायचं मशीन, आणि सात-चौदा हे त्याचं इंचातलं माप, ते पुढं येईल. घरात सिंगल फेज कनेक्शन, जागा जिन्याखालची आणि काम पितळ, अॅल्युमिनियम नि वीस-पंचवीस एमएमपर्यंतचं लोखंड, एवढंच असेल तर सात-चौदाचा मिनी लेथ घेऊन टाका, फक्त ब्रशलेस (आत कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरवालाच घ्या. ट्रॅक्टरचे बुश (शाफ्टवर बसणारी धातूची नळी) नि मोटरीचे शाफ्ट करायचे असतील तर हा नाही, उगं पैसे घालू नका.

मी राहतो संभाजीनगरला सिडकोत आणि नोकरी वाळूजला एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी लेथवर टर्न केलेले (कापून गोल केलेले) जॉब मोजायचे. घरी नाद वेगळाच, जुनी घड्याळं, शिलाई मशीन, मधीच एखादं छोटं स्टर्लिंग इंजिन. प्रत्येक बुशसाठी चिकलठाण्याला एका चाचांच्या जॉब शॉपवर जायचो, ते बिचारे चालू ऑर्डर थांबवून माझा एक नग करून द्यायचे आणि पैसे पण धड घ्यायचे नाहीत, किती दिवस चालवायचं असं? म्हणून घरचाच लेथ बघायला लागलो.

पहिले राजकोटचे बघितले. साडेचार फुटी बेड (खालचा मुख्य सांगाडा, ज्यावर बाकी सगळं बसतं), कोन पुली, तगडं काम, आणि या किमतीत एवढं बीड (ओतीव लोखंड) तुम्हाला दुसरीकडं कुठंच मिळणार नाही. पण ते काही क्विंटलचं धूड, त्याला पाया पाहिजे, बहुतेक करून थ्री फेज मोटर (सिंगल फेजवरून व्हीएफडी (सिंगल फेजची थ्री फेज करून देणारा कंट्रोलर) लावून चालवता येते, तो काही प्रश्न नाही), आणि रो हाऊसच्या दारातून आत कसं घ्यायचं ते घरच्यांना समजावून सांगा. टूल रूममधून निघालेला जुना एचएमटी मिळाला तर सोनं आहे, पण तो याच्याहून मोठा. इंग्लंडच्या मायफोर्ड सुपर सेव्हनचं नाव सगळे छंदवाले घेतात आणि बरोबरच घेतात, सात इंची स्विंगमध्ये (स्विंग म्हणजे जास्तीत जास्त किती व्यासाचा जॉब फिरेल ते) तसं मशीन क्वचितच बनलं. पण नॉटिंगहॅमजवळचा त्यांचा मूळ कारखाना 2011 ला बंद पडला, आणि आपल्याकडं जुना चांगला पीस सापडणं म्हणजे नशीब. मग उरतो चिनी बनावटीचा सात-चौदा, जो जगभर वेगवेगळे रंग आणि वेगवेगळी नावं लावून विकतात, आत साचा साधारण एकच.

सात-चौदा म्हणजे बेडवर सात इंच म्हणजे 180 एमएम स्विंग आणि दोन सेंटरच्या (जॉबला दोन टोकांनी आधार देणाऱ्या टोकदार दांड्यांच्या) मध्ये चौदा इंच, 350 एमएम. जाहिरातीत हा 180 चा आकडा मोठ्ठा छापतात, पण क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) वरून जेमतेम 110 एमएमच जातं, ते कुणी सांगत नाही. स्पिंडलमधून (जॉब फिरवणाऱ्या पोकळ दांडीतून) वीस एमएमचा बार आरपार जातो. स्पिंडलला एमटी-3 टेपर (एमटी म्हणजे मोर्स टेपर, निमुळत्या भोकाचं ठरलेलं माप), टेलस्टॉकला (समोरच्या टोकाच्या आधाराला) एमटी-2. वजन चाळीस किलोच्या आसपास, दोघं जण उचलून टेबलावर ठेवता येतो.

आता मुद्द्याचं. दुकानदार आधी मोटर दाखवतो, किती वॅट, किती आरपीएम, डिजिटल डिस्प्ले. ते राहू द्या. मी दुकानात जायला निघतानाच चाचा म्हणाले होते, "भाई, चालू करके मत देखो, बंद में देखो." लेथमध्ये काही गोष्टी नंतर बदलता येतात आणि काही नाही. चक (जॉब पकडणारा जबडा) बदलता येतो, टूल पोस्ट (टूल धरणारा भाग) बदलता येतो, गिब (सरकत्या भागांचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या) घट्ट करता येतात, बेअरिंगसुद्धा बदलता येतात, पण बेड आणि स्पिंडल जसे आले तसेच राहणार, म्हणून दुकानात टाइम त्या दोनवरच घालवा. मी मॅग्नेटिक बेसवर डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मापक) घेऊनच गेलो. चक काढायला लावला (दुकानातला पोरगा आधी नाही म्हणला, मग शेठला विचारून काढला), स्पिंडलच्या आतल्या टेपरवर गेजचं टोक टेकवलं आणि हाताने फिरवलं. दहा मायक्रॉनच्या आत सुई हलली तर पीस ठेवा, जास्त हलली तर दुसरा पीस काढायला सांगा. मग स्पिंडल हाताने वरखाली दाबून बघितला, काही प्ले (ढिलेपणा) वाटतो का. मग कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) बेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, कुठं सैल कुठं घट्ट असं लागलं तर बेडची ग्राइंडिंग सरळ नाही. समोर ठेवलेला पहिला पीस मधीच अडकत होता, तो मी परत ठेवायला लावला, दुसरा घेतला.

थ्री जॉ (तीन जबड्यांच्या) चकचा रनआउट (फिरताना मध्यापासून सरकणं) पाच-सात शतांश एमएम निघाला तर घाबरू नका, या चकात तेवढा असतोच. एकाच पकडीत टर्निंग नि बोअर (बाहेरचा व्यास नि आतलं भोक) दोन्ही काढले तर जॉब एकमेकाला खराच येतो, आणि लईच अचूक पाहिजे असेल तर फोर जॉ लावून डायल गेजने सेंटर करायचा.

घरी आणल्यावर त्याला लाल चिकट ग्रीस फासलेलं असतं, ते रॉकेल किंवा डिझेलने धुवा, आणि धुताना क्रॉस स्लाइड नि कंपाउंड (तिच्यावरची छोटी सरकपट्टी) खोलूनच धुवा कारण आत कास्टिंगचा कीस असतो. कॅरेजच्या खालचे गिब सेट करणं हा या मशीनचा सगळ्यात वैतागाचा भाग आहे, छोटे छोटे स्क्रू, एक ढिला दुसरा घट्ट, परत हलवून बघा, परत स्क्रू, अख्खी संध्याकाळ जाते. पण ते केल्याशिवाय फिनिश येत नाही आणि लोक म्हणतात मशीन खराब. हा लेथ म्हणजे अर्धवट शिजलेली भाजी आहे, उरलेली फोडणी तुम्हीच द्यायची.

नंतर टेबलाला बोल्ट करताना बेडला पीळ पडतो का ते बघायचं. एक जाड बार चकात पकडा, टेलस्टॉकचा आधार न देता, त्याच्या दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) ठेवून मधला भाग थोडा उतरवा, मग दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगवर हलका कट मारा आणि मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर पायाखाली शिम (पत्र्याच्या पातळ पट्ट्या) टाकून बेडचा पीळ काढा.

ब्रशलेसवरच का अडून बसलो ते सांगतो. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने 25 एमएमचा एमएस (माइल्ड स्टील) बार काढायला साधारण 350 आरपीएम लागतात. जुन्या पद्धतीच्या ब्रशवाल्या मोटरचा जोर नेमका खालच्या स्पीडला कमी पडतो, आणि हेडस्टॉकमध्ये (स्पिंडल बसलेल्या डब्यात) हाय-लो स्पीडचे गिअर बऱ्याच मॉडेलला प्लॅस्टिकचे, टूल रुतलं की दाते जातात. ब्रशलेसमध्ये सरळ बेल्ट, ते गिअरच नाहीत. किंमत जास्त पडते, लाखाच्या अलीकडं पलीकडं जाते सगळं मिळून.

लाइटचं पण बघा, आपल्याकडं हे आधी बघावं लागतं. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज पडतं आणि कंट्रोलर एरर देऊन थांबतो, स्टॅबिलायझर लावल्यावर थांबला तो त्रास. दुसरं, दुकानातच मशीन चालू असताना प्लग काढून परत लावायला सांगा. लाइट आल्यावर मशीन आपोआप फिरायला लागलं तर ते मशीन घरात आणू नका, लाइट गेली म्हणून तुम्ही चकात चावी लावून बसलेले असाल आणि तेवढ्यात लाइट येईल. माझा फिरत नाही, बटण परत दाबावं लागतं.

कामाला कसा? पितळावर मस्त, एकदम आरसा. अॅल्युमिनियमवर रॉकेलचे दोन थेंब टाकले की झालं. ईएन-वन-ए (सहज कापलं जाणारं स्टील) लोण्यासारखं निघतं. ईएन-8 (त्याहून कडक स्टील) वर अर्ध्या एमएमचा कट आरामात, एक एमएम घेतला की कण्हायला लागतो. पार्टिंग (जॉब बारपासून कापून वेगळा करणं) हे याचं दुखणं, कॅरेज लॉक करायला सोयच नाही, मी एक बोल्ट लावून लॉक बनवला तेव्हा कुठं चॅटर (टूलची थरथर) कमी झालं. आणि शिकायला म्हणून जालन्याच्या सळईचे तुकडे फुकट मिळतात म्हणून तेच लावू नका, टीएमटीचा बाहेरचा थर पाण्याने झटकन थंड करून कडक केलेला असतो, आत मऊ, टूल आधी वरच्या थराशी भांडतं. ब्राइट बारचे (गुळगुळीत, स्वच्छ पृष्ठभागाच्या बारचे) तुकडे वजनावर मिळतात, ते घ्या.

आटे पाडायला लीड स्क्रू (कॅरेजला ओढणारा लांब स्क्रू) दीड एमएम पिचचा आहे, म्हणजे 1.5, 0.75 आणि 0.5 चे आटे पाडताना हाफ नट (कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा दोन भागांचा नट) कुठंही टाकला तरी परत त्याच खाचेत येतो. 1 किंवा 1.25 ला मात्र हाफ नट उघडायचाच नाही, मोटर उलटी फिरवून मागं यायचं. गिअर प्रत्येक वेळी हाताने बदलावे लागतात, कंटाळा येतो पण चालतं.

वरचा खर्च धरूनच बजेट करा. सोबत येणारा फोर-वे टूल पोस्ट चालतो पण प्रत्येक टूलखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून सेंटर हाइट (टूलचं टोक स्पिंडलच्या मध्याएवढं) काढावी लागते, त्यापेक्षा सगळ्यात छोट्या साइजचा क्विक चेंज टूल पोस्ट घ्या. फोर जॉ चक, लाइव्ह सेंटर, ड्रिल चक, डायल गेज, थोडे एचएसएस बिट आणि ग्राइंडर, हे सगळं धरलं तर मशीनच्या किमतीच्या निम्म्याच्या जवळ जातं. कार्बाइड इन्सर्टच्या (बदलत्या कडक पात्यांच्या) मागं सुरुवातीला लागू नका, एवढ्या हलक्या मशीनवर धार लावलेलं एचएसएसच जास्त चांगलं कापतं.

आवाज कमी आहे, दुपारी शेजारचं कुणी बोललं नाही अजून. कीस मात्र घरभर जातो, चपलेला चिकटून पार किचनपर्यंत, त्यामुळं वर्कशॉपची चप्पल वेगळी ठेवायची असा घरून हुकूम निघालाय. डीलरनी वॉरंटी फक्त मोटर आणि कंट्रोलरवर दिली, तेही मशीन आपण त्यांच्याकडं पोहोचवायचं या अटीवर, म्हणून खोका नि आतलं थर्माकोल फेकू नका.