डिप्लोमावाल्यांसाठी एम-थ्रीचा वर्ग : विश्रामबाग, सांगली

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी विश्रामबागेत चालणाऱ्या एका छोट्या खासगी वर्गाला माझी पुतणी गेले सत्रभर जात होती. यंदा प्रवेश घेणाऱ्यांच्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये ही मुले इतरांपेक्षा सरस असतात. अडते ते गणितात. बारावीमार्गे आलेल्यांनी पदवीच्या पहिल्या वर्षी मॅट्रिक्स, पार्शल डिफरन्सिएशन, मल्टिपल इंटिग्रल हे सारे केलेले असते. डिप्लोमावाल्यांचे ते वर्षच वगळले जाते आणि तिसऱ्या सत्रात एम-थ्री, म्हणजे अभियांत्रिकी गणिताचा तिसरा पेपर, आणि त्यातले लाप्लास व फूरिये हे भाग एकदम समोर ठाकतात. त्यात प्रवेशफेऱ्या लांबल्या, तर हजेरीपटावर नाव चढेपर्यंत निम्मे युनिट शिकवून झालेले असते. अमेरिकेत दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणाऱ्यांचे गुणही सुरुवातीला असेच घसरतात. संशोधक हिल्स यांनी १९६५ मध्ये ‘ट्रान्सफर शॉक’ या नावाने त्याची मांडणी केली आणि हे गुण पुढे काही प्रमाणात सावरतात, असेही नोंदवले.

या वर्गाचे वेगळेपण असे, की येथे एम-थ्रीला लगेच हात घातला जात नाही. आधी वगळलेल्या वर्षातील नेमका लागणारा भाग शिकवला जातो. इंटिग्रेशन बाय पार्ट्स हाताशी बसल्याशिवाय फूरियेचे सहगुणक काढायला सर घेतच नाहीत, आणि मुलांनी कितीही घाई केली तरी बधत नाहीत. पहिल्या युनिट टेस्टच्या तोंडावर पालकांचा जीव टांगणीला लागतो, हे खरे. पण मला ही पद्धत योग्य वाटते. मागील वर्षी याच वाटेने गेलेले दोन विद्यार्थी शनिवारी गणिते सोडवून घेतात. पुतणी सरांना विचारायला कचरत असे, ते त्यांना बिनदिक्कत विचारू लागली.

मात्र पूर्ण फी आगाऊ घेतली जाते, वर्ग मध्येच सोडल्यास परतावा नाही, आणि संध्याकाळची बॅच इतकी उशिरा सुटते की तासगाव, विट्याकडून येणाऱ्यांनी बसची वेळ आधी पाहिलेली बरी. मेकॅनिक्सच्या शंका घेतल्या जात नाहीत. त्यासाठी कॉलेजातील शिक्षकांनाच गाठावे लागते. ज्यांचा प्रवेश पहिल्याच फेरीत निश्चित होईल, त्यांनी कॉलेज सुरू होण्याची वाट न पाहता येथे नाव घालावे. शेवटच्या फेरीत आलेल्यांसाठी पायाभूत भाग पुन्हा घेतला जात नाही.